पाटीवरचे नाव : सिनसिनाटीतल्या चिली पार्लरांची आणि बाहेर खाण्याच्या रिवाजाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या सिनसिनाटी शहरात ‘चिली पार्लर’ नावाची खाण्याची दुकाने आहेत, आणि शहर व उपनगरे मिळून त्यांची संख्या दोनशेहून अधिक भरते. आपल्याकडे पार्लर म्हटले की दुसरेच काही डोळ्यांपुढे येते. तिथे त्याचा अर्थ काउंटरपुढची उंच स्टुले, बाजूला मोजकी टेबले आणि वाफेवर गरम राहणाऱ्या भांड्यांची रांग एवढाच. गिऱ्हाइकाने ‘थ्री-वे’ मागितले की काउंटरमागचा माणूस लांबट ताटलीत उकडलेली स्पॅगेटी पसरतो, तिच्यावर पळीभर पातळसर, तांबूस-तपकिरी खिमा ओततो, आणि वर पिवळ्याधमक चेडर चीजचा अगदी बारीक कीस मुठीमुठीने टाकून ढीग रचतो. खिमा वाफाळता आणि चीज थंडगार असल्यामुळे ताटली समोर येईपर्यंत फक्त ढिगाच्या तळचे चीज वितळू लागलेले असते. कांदा किंवा लाल राजमा यांपैकी एक घातले की ते फोर-वे, दोन्ही घातले की फाइव्ह-वे. स्पॅगेटी काट्याला गुंडाळण्याचा प्रयत्न नवखा माणूस करतो. स्थानिक माणूस काट्याच्या कडेने तिचे तुकडे पाडत, खालपासून वरपर्यंतचे सगळे थर एका घासात येतील असे खातो.

मराठी माणसाला या ताटलीतली सर्वांत ओळखीची गोष्ट म्हणजे तिचा वास. खिम्यात दालचिनी, लवंग, जिरे, तमालपत्र आणि ऑलस्पाइस हे लवंग-दालचिनीच्या वासाचे सुके फळ असते. मिरचीचा तिखटपणा जेमतेम जाणवतो. हा खिमा तेलावर परतत नाहीत. कच्चे मांस पाण्यात मोकळे करून, गुठळी राहू न देता, काही तास मंद आचेवर शिजवतात, आणि वर तरंगणारी चरबी काढून टाकता यावी म्हणून पुष्कळदा रात्रभर थंडीत ठेवतात. टेक्सासमधल्या माणसाला ‘चिली’ म्हणून जे माहीत असते, म्हणजे वाळलेल्या मिरच्यांच्या जाड रश्श्यात शिजलेले मांसाचे तुकडे, त्याच्याशी या पदार्थाचे नावापलीकडे फारसे नाते नाही. मग हे नाव त्याला का मिळाले, आणि नेमके याच शहरात का मिळाले, हे समजून घ्यायचे तर चिलीच्या आधीची शंभरेक वर्षे पाहावी लागतात.

ओहायो नदीच्या काठचे सिनसिनाटी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाफेच्या बोटींच्या व्यापारावर वाढले. आसपासच्या शेतांतून डुकरांचे कळप शहरात हाकत आणायचे, त्यांचे मांस खारवून पिंपांत भरायचे आणि नदीतून दक्षिणेकडे पाठवायचे, हा इथला मुख्य धंदा झाला. त्यावरून शहराला ‘पोर्कोपोलिस’, म्हणजे वराहमांसाची नगरी, हे टोपणनाव पडले. उरलेल्या चरबीतून मेणबत्त्या आणि साबण होऊ लागले. १८३७ मध्ये विल्यम प्रॉक्टर आणि जेम्स गॅम्बल यांनी सुरू केलेली कंपनी त्यातूनच उभी राहिली. यादवी युद्धाच्या काळात मांसाच्या धंद्यातले पहिले स्थान रेल्वेच्या जोरावर शिकागोकडे गेले. डुकराच्या उरल्यासुरल्या मांसात भरड ओट्स शिजवून, थापून, त्याचे काप तव्यावर कुरकुरीत करण्याची ‘गेटा’ नावाची जर्मन न्याहारी मात्र शहरात टिकली, आणि आजही तिथल्या साध्या न्याहारीघरांत अंड्यांबरोबर ती मागवली जाते.

गेटा आणणारे जर्मन स्थलांतरित एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाटांनी येत राहिले. शहराच्या मध्यभागातून मायामी-ईरी कालवा जात असे, आणि त्याच्या उत्तरेकडे जर्मनांची दाट वस्ती होती. कालवा ओलांडला की जणू ऱ्हाइन नदीच ओलांडली, या भावनेने त्या भागाला ‘ओव्हर-द-ऱ्हाइन’ हे नाव मिळाले आणि ते आजतागायत चालू आहे. या वस्तीतच शहरातला बाहेर खाण्याचा रिवाज रुजला. कारखान्यातून सुटलेला कामगार घरी जाण्याआधी सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, थांबे. पेल्याभर बिअरच्या किमतीत काउंटरवरचे पाव, सॉसेज, लोणची आणि चीज फुकट मिळे. रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे बिअर गार्डनमध्ये वाद्यवृंद ऐकत बसत. १८६१ मध्ये सुरू झालेले अर्नोल्ड्स आणि १८६५ पासूनचे मेक्लेनबर्ग गार्डन्स ही त्या काळातली नावे अजून शहरात आहेत. फिंडले मार्केट ही मंडईसुद्धा १८५० च्या दशकापासून त्याच वस्तीत भरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या व्हाइन स्ट्रीटवर शंभराहून अधिक सलून होते.

हे जग दोन धक्क्यांत मोडले, आणि दोन्ही धक्के जवळजवळ लागोपाठ आले. १९१७ मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली आणि जर्मन असणे एकाएकी संशयास्पद ठरले. १९१८ मध्ये शहराने रस्त्यांची जर्मन नावे बदलली : जर्मन स्ट्रीटचा इंग्लिश स्ट्रीट झाला, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला. पुढच्याच वर्षी, १९१९ च्या मे महिन्यात, ओहायो राज्यात दारूबंदी लागू झाली, आणि १९२० च्या जानेवारीपासून ती सगळ्या देशाला लागू झाली. दारूच्या कारखान्यांना कुलपे लागली, सलून बंद पडले, आणि सलूनच्या काउंटरवरचे फुकट जेवणही संपले. चोरटी दारू शहरात भरपूर होती, पण उजळ माथ्याने जाऊन काहीतरी गरम खाऊन येण्याची कामगाराची जागा गेली होती. चिली पार्लरांच्या इतिहासात या पोकळीला जेवढे महत्त्व द्यायला हवे तेवढे दिले जात नाही, असे माझे मत आहे. स्वस्त, पोटभर, पटकन मिळणारे आणि दारूशिवाय चालणारे खाणे देणाऱ्या दुकानासाठी १९२० नंतरच्या सिनसिनाटीइतकी तयार जागा क्वचितच असेल.

ती जागा भरणारी माणसे आग्नेय युरोपातल्या बाल्कन प्रदेशातून आली. टॉम आणि जॉन किराजिएफ हे भाऊ मूळचे ख्रुपिश्ता गावचे. १९१२ पर्यंत हे गाव ऑटोमन साम्राज्यात होते. बाल्कन युद्धांनंतर ते ग्रीसमध्ये गेले, आणि आज त्याचे नाव आर्गोस ओरेस्तिको आहे. स्लाव भाषा बोलणाऱ्या मॅसिडोनियन कुटुंबांना नव्या राष्ट्राच्या सीमेत आपण नेमके कोण, या प्रश्नाचे उत्तर रोज द्यावे लागत होते. आधी युद्धे आणि मग सक्तीची स्थलांतरे, अशा त्या वर्षांत हजारो माणसांनी अमेरिकेची वाट धरली. तिथेही दरवाजे मिटत चालले होते. १९२१ च्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवून दिला, आणि १९२४ च्या कायद्याने ग्रीसचा कोटा वर्षाला अवघ्या १०० माणसांवर आणला. जे आधी पोहोचले त्यांनाच पुढे काही करून दाखवण्याची संधी होती.

किराजिएफ बंधूंनी १९२२ मध्ये व्हाइन स्ट्रीटवरच, एम्प्रेस नावाच्या थिएटरशेजारी, खाण्याचे छोटेसे दुकान थाटले. या थिएटरात बर्लेस्कचे, म्हणजे नाचगाणी आणि उथळ विनोदांचे खेळ होत, आणि खेळ सुटल्यावर बाहेर पडणारी भुकेली गर्दी हे त्यांचे गिऱ्हाईक. दुकानाला त्यांनी थिएटरचेच नाव दिले : एम्प्रेस. विकायला होते सॉसेज भरलेले पाव, आणि त्यावर घालायला घरच्या पद्धतीचा मसालेदार खिमा.

ग्रीस आणि आसपासच्या प्रदेशांत दालचिनी-लवंगांनी वासवलेला खिमा शिजलेल्या मॅकरोनीवर घालून, वर चीज किसून खाण्याची जुनी पद्धत आहे. ग्रीक लोक त्या मांसाला ‘किमास’ म्हणतात. त्यांना तो शब्द तुर्कीतल्या ‘कियमा’वरून मिळाला, आणि आपला ‘खिमा’ही त्याच तुर्की मुळापासून फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्यापर्यंत आला. मराठी वाचकाला या ताटलीचा वास ओळखीचा वाटतो, त्यामागे असा खराखुरा धागा आहे. १९२२ च्या सिनसिनाटीत मात्र ‘किमास’ असे लिहून कोण गिऱ्हाईक येणार होते? अवघ्या चार वर्षांपूर्वी परकी नावे रस्त्यांवरून उतरवली गेली होती. ‘चिली’ हे नाव तयार होते. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात टेक्सासच्या सॅन अँटोनियो शहराच्या चिलीचे दुकान लागले होते, आणि पुढच्या तीस वर्षांत हा शब्द देशभर मसालेदार मांसाच्या स्वस्त रश्श्याचे नाव होऊन बसला होता. सॉसेज भरलेल्या पावालाही तसेच तयार नाव मिळाले : न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध करमणुकीच्या किनाऱ्यावरून ‘कोनी आयलंड’, आणि लवकरच नुसते ‘कोनी’. दुकानाचे नाव थिएटरवरून, खिम्याचे टेक्सासवरून, पावाचे न्यूयॉर्कवरून. बाल्कनचे नाव कुठेच नाही, आणि चव मात्र सगळी तिथली.

ही गोष्ट एकट्या सिनसिनाटीची नाही. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनमध्ये १९१४ मध्ये आणि मिशिगनच्या डेट्रॉइटमध्ये १९१७ मध्ये ‘कोनी आयलंड’ याच नावाची दुकाने निघाली होती आणि तीही ग्रीक व मॅसिडोनियन स्थलांतरितांचीच. मध्यपश्चिमेतल्या कारखानदार शहरांत हा पदार्थ जणू भाऊबंदांच्या वाटेने पसरला. स्पॅगेटीवर चिली घालून तिला ‘वे’ची मापे लावणे ही मात्र एम्प्रेसची देणगी. सुरुवातीला स्पॅगेटी चिलीतच मिसळून देत. गिऱ्हाइकांना ती वेगळी, थराथराने हवी होती, म्हणून वाढण्याची रीत बदलली, आणि चीजही त्यांच्याच मागणीवरून वर आले. मग बोलीही तयार झाली. पातळ रस निथळून हवा असेल तर ‘ड्राय’, रस जास्त हवा तर ‘वेट’, चीज तळाशी आणि चिली वर हवी असेल तर ‘इन्व्हर्टेड’. सोबत छोट्या षट्कोनी, खारट बिस्किटांची वाटी येते; त्यांना ऑयस्टर क्रॅकर म्हणतात, आणि जेवण येण्याआधीच ती अर्धी संपलेली असते.

पुढचा विस्तार हा नात्यागोत्याचा आणि हाताखाली शिकलेल्यांचा. नदीपलीकडे केंटकीतल्या न्यूपोर्टमध्ये १९२९ मध्ये निकोलस सराकात्सानिस यांनी डिक्सी चिली काढले. ते आधी एम्प्रेसमध्ये काम करत होते. कॅम्प वॉशिंग्टन या कामगार वस्तीत १९४० मध्ये स्टीव्ह अँडन आणि फ्रेड झार्म्बस यांनी कॅम्प वॉशिंग्टन चिली सुरू केले. १९५१ मध्ये अँडन यांचा ग्रीसहून आलेला तरुण पुतण्या जॉन जॉन्सन तिथे कामाला लागला आणि पुढे त्याने ते दुकान अनेक दशके चालवले. रात्रपाळीचे कामगार, पोलीस आणि टॅक्सीवाले यांच्यासाठी ते रात्रभर उघडे असे. २००० साली खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने ‘अमेरिकाज क्लासिक्स’ हा सन्मान देऊन या साध्या दुकानाची दखल घेतली. एम्प्रेसमध्येच काम केलेले आणि मूळचे ग्रीसमधल्या कास्तोरियाचे निकोलस लॅम्ब्रिनिडीस यांनी १९४९ मध्ये प्राइस हिलच्या टेकडीवर मुलांसह दुकान काढले. तिथून खालच्या शहराच्या इमारतींची रेघ दिसे, म्हणून नाव ठेवले स्कायलाइन. पुन्हा तेच : गावाचे नाही, कुळाचे नाही, गिऱ्हाइकाला खिडकीतून दिसणारे नाव. १९६५ मध्ये गोल्ड स्टार निघाले ते जॉर्डनहून आलेल्या दाऊद बंधूंचे. त्यांनी आधी हॅम्बर्गरचे दुकान घेतले होते, पण हॅम्बर्गरपेक्षा चिली जास्त खपू लागली म्हणून दुकानाचे नावच बदलले. बाल्कनमधली चव तोपर्यंत इतकी सिनसिनाटीची झाली होती, की अरब स्थलांतरितांनी या शहरात पाय रोवायला तीच हाती घेतली.

स्कायलाइन आणि गोल्ड स्टार यांच्या शाखा का वाढल्या याचे उत्तर मोटारीत आहे. १९५० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,०३,९९८ होती, आणि तो तिचा उच्चांक ठरला. २०१० मध्ये ती २,९६,९४३ वर आली. १९५१ मध्ये ट्राम बंद झाली, महामार्ग आले, मध्यमवर्ग टेकड्यांपलीकडे उपनगरांत गेला, आणि बाहेर खाण्याची जागा थिएटरशेजारून वाहनतळाशेजारी आली. १९५४ मध्ये बडी लारोसा यांनी वेस्टवुडमध्ये सुरू केलेला गोडसर सॉसचा पिझ्झा, आणि १९५१ मध्ये ग्रीक वंशाचे टेड ग्रेगरी यांनी पत्नी मातुला हिच्या सॉसवर नावारूपाला आणलेले माँटगोमेरी इनचे बरगड्यांचे मांस ही त्याच उपनगरी सिनसिनाटीची नावे.

उपनगरांतल्या कॅथलिक कुटुंबांचा शुक्रवार हा वेगळा भाग सांगण्याजोगा आहे. जर्मन आणि आयरिश वंशाचे कॅथलिक लोक इथे मोठ्या संख्येने आहेत, आणि १९६६ पर्यंत त्यांना वर्षातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस वर्ज्य होते. माँफोर्ट हाइट्स भागात मॅकडॉनल्ड्सची शाखा चालवणारे लू ग्रोएन यांचा शुक्रवारचा धंदा त्यामुळे बसला होता. १९६२ मध्ये त्यांनी माशाचे सँडविच करून पाहिले. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांचा पर्याय होता पावात अननसाची भाजलेली चकती. दोन्ही पदार्थ एकाच शुक्रवारी विकून पाहायचे ठरले, मासा प्रचंड फरकाने जिंकला, आणि १९६५ पासून तो देशभरच्या यादीत गेला. एकादशीला साबुदाण्याची खिचडी न ठेवणाऱ्या खानावळीचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ग्रोएन यांची अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

श्रीमंती जेवणाचीही परंपरा शहरात होती. कोमिसार कुटुंबाने १९४९ मध्ये सुरू केलेल्या मेझोनेट या फ्रेंच रेस्टॉरंटला हॉटेले-रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मोबिल मार्गदर्शिकेचे पाच तारे सलग ४१ वर्षे मिळाले, आणि २००५ मध्ये ते बंद झाले तेव्हा अनेकांना शहराचा एक भाग गेल्यासारखे वाटले.

मात्र ही सगळी दारे सगळ्यांना सारखी उघडी नव्हती, आणि पार्श्वभूमी लिहिताना हे वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. खाणावळी आणि थिएटरांत वर्णावरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा ओहायोने १८८४ मध्येच केला होता. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातल्या कित्येक ठिकाणी कृष्णवर्णीय माणसाला टेबल मिळत नसे. त्यांची स्वतःची खाण्याची दुकाने, क्लब आणि हॉटेले वेस्ट एंडमध्ये होती. महामार्ग आणि कारखान्यांसाठी जागा हवी म्हणून १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या वस्तीचा मोठा भाग पाडला गेला आणि सुमारे २५,००० माणसे विस्थापित झाली. चिलीच्या दुकानांना शाखा काढायला जे मोकळे रस्ते मिळाले, त्यांत हेही रस्ते होते. आज वेस्ट एंडच्या जुन्या खानावळींची शताब्दी साजरी होत नाही, कारण त्या इमारतीच राहिल्या नाहीत.

ओव्हर-द-ऱ्हाइन त्याच दशकांत ओस पडत गेले. एप्रिल २००१ मध्ये टिमथी थॉमस या १९ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि त्या भागात अनेक दिवस अशांतता माजली. २००३ मध्ये शहर आणि मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने विकास महामंडळ स्थापन झाले, त्याने व्हाइन स्ट्रीटवरच्या रिकाम्या इमारती घेऊन दुरुस्त केल्या, आणि २०१० नंतर तिथे नव्या रेस्टॉरंटांची रांगच लागली. २०१३ मध्ये मेझोनेटच्या जुन्या जागेत बोका आले. २०१६ पासून नवी ट्राम फिंडले मार्केटपर्यंत धावते. ज्यांनी ओस वर्षांत तिथे घरे धरून ठेवली होती, त्यांतल्या पुष्कळांना नव्या भाड्यांमुळे निघावे लागले. एका पेल्यासोबत जेवण फुकट देणाऱ्या रस्त्यावर आता एका जेवणाला कामगाराची दिवसाची कमाई लागू शकते, ही गोष्ट मला नव्या खिडक्यांइतकीच महत्त्वाची वाटते.

१९६५ च्या कायद्याने देशनिहाय कोटे रद्द केले, आणि भारतीय माणसे मोठ्या संख्येने अमेरिकेत येऊ लागली ती त्यानंतर. सिनसिनाटीत ती विद्यापीठात शिकायला आणि प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या कंपन्यांत नोकरीला आली. त्यांत मराठी माणसे आहेतच. विद्यापीठाजवळच्या क्लिफ्टनमध्ये लडलो अव्हेन्यूवर चालत गेले की भारतीय रेस्टॉरंटांच्या पाट्या दिसतात, आणि एका पाटीवर तर ‘अंबर इंडिया’ असे देशाचे नावच उघडपणे लिहिलेले आहे. १९२२ मध्ये किराजिएफ बंधूंना हे करता आले नव्हते. त्याच रस्त्यावर, क्लिफ्टन अव्हेन्यूच्या कोपऱ्याजवळ, स्कायलाइनची एक जुनी शाखा आहे. तिथे मांस न खाणाऱ्यासाठी खिम्याऐवजी काळा घेवडा आणि भात घातलेली ताटली मिळते, त्याच लांबट ताटलीत, त्याच स्पॅगेटीवर, वर चीजचा तोच ढीग. आणि गिऱ्हाईक कोणीही असले तरी वाढणारा विचारतो तो प्रश्न एकच असतो : कांदा घालू का?